घोडा सवारीचा की ओझ्याचा, हे पावतीवर लिहून घ्या

सोनमर्गहून निघून निचनई खिंड, विशनसर, गडसर, सातसर आणि गंगाबल करीत नारानागला उतरणारी काश्मीरमधली वाट घोड्यावरून घडवतो, असे सांगून दादरच्या एका सहल आयोजकाने आमच्याकडून पूर्ण रक्कम आगाऊ घेतली. प्रत्येकाला सवारीचा घोडा आणि तंबू-शिध्यासाठी वेगळे घोडे, हे आश्वासन फोनवर मिळाले. पावतीवर मात्र ‘घोडे समाविष्ट’ एवढेच छापलेले होते. ताईच्या गुडघ्यांना ४,००० मीटरहून उंच खिंडीची चढण झेपणार नाही, म्हणूनच ही सहल निवडली होती आणि आयोजकाला ते पहिल्याच दिवशी सांगितले होते.

सोनमर्गजवळच्या शितकडीला ओझ्याची तट्टे तेवढी उभी होती, तीही मोजकीच. खोगीर किंवा रिकीब एकावरही नव्हती. लाकडी पालाणांवर तंबू, सिलिंडर आणि आमच्या सॅक दोरखंडाने आवळल्या होत्या. एका तट्टाचा नमदा, म्हणजे पालाणाखालची लोकरी घडी, सरकला, तेव्हा खांद्यांमागे तळहाताएवढी ओली जखम दिसली. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तट्टावर ७० किलोंपेक्षा जास्त भार लादता येत नाही. जनावरे कमी करून आयोजकाने वाचवलेला पैसा त्या मुक्या जिवाच्या पाठीवर चढवला होता, याचा मला आजही संताप येतो. घोडेवाल्याने आपल्या मोबाइलवरचा संदेश दाखवला: करार फक्त सामान वाहण्याचा होता आणि त्याचेही निम्मे पैसे थकले होते. ताईला तिथूनच परतावे लागले.

मुंबईत आल्यावर आयोजकाने पावतीकडे बोट दाखवून हात वर केले. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी सवारीची आणि ओझ्याची जनावरे किती, प्रत्येकावर किती किलो भार आणि घोडेवाल्याची मजुरी कोण देणार, हे लेखी मागावे. शक्य असल्यास घोडेवाल्याशी स्वतः बोलावे. आयोजक टाळाटाळ करू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते, त्यामुळे त्यासाठी काश्मीरला खेटे घालावे लागत नाहीत. सल्ल्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आम्ही मुंबईतच तक्रार दाखल केली असून पावती, ‘घोड्यावरून भटकंती’ असे लिहिलेली जाहिरात आणि घोडेवाल्याने स्वखुशीने दिलेला कराराचा संदेश तिला जोडला आहे.