भाकितांवरील ध्वनिमुद्रित वादसभा : सोर नगराच्या प्रकरणासाठी अवश्य ऐकावी

बायबलमधील भाकिते खरोखर पूर्ण झाली का, या प्रश्नावर एक श्रद्धावान अभ्यासक आणि एक संशयवादी यांच्यात झालेल्या वादसभांची ही ध्वनिमुद्रित मालिका घेताना माझी अपेक्षा बेताचीच होती, कारण अशा वादांत बहुधा दोन्ही बाजू सोयीची वचने पुढे करतात आणि श्रोता होता तिथेच राहतो. येथे मात्र आरंभीच तीन अटी ठरतात: भाकीत घटनेआधी लिहिलेले असावे, त्याचा अर्थ घटनेआधीच स्पष्ट असावा आणि ते ठाऊक असणाऱ्यांनी ती घटना मुद्दाम घडवून आणलेली नसावी.

सोर नगरावरचा भाग सर्वांत सरस आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर हे समुद्रकाठचे प्राचीन व्यापारी नगर उद्ध्वस्त करील आणि ते पुन्हा बांधले जाणार नाही, असे बायबलमधील यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात म्हटले आहे. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार योसेफस याच्या नोंदीनुसार वेढा १३ वर्षे चालला. पण त्या श्रमांचे वेतन राजाला मिळाले नाही, म्हणून त्याला मिसर (इजिप्त) देश देण्यात येईल, असे पुढे २९व्या अध्यायात तोच संदेष्टा सांगतो. संशयवादी वक्ता येथे आवाज न चढवता दोन्ही अध्याय एकामागून एक वाचून दाखवतो, आणि तेवढे पुरते. श्रद्धावान वक्त्याचे उत्तरही लेचेपेचे नाही: त्याच अध्यायात ‘पुष्कळ राष्ट्रे’ चालून येतील असे म्हटले आहे आणि नगराचे दगड व लाकडे पाण्यात टाकली जातील असेही, आणि इ.स.पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरने किनाऱ्यावरच्या जुन्या वस्तीचा मालमसाला समुद्रात टाकून, नगराचा मुख्य भाग ज्या बेटावर होता तिथपर्यंत भराव घातला. मला हा मुद्दा वजनदार वाटला, तरी ‘पुन्हा बांधले जाणार नाही’ या शब्दांचे काय, हे कोडे त्याने सुटत नाही, कारण सोर नगर आजही लेबनॉनमध्ये नांदते आहे.

बायबलमधील दानीएलच्या पुस्तकावरच्या भागात सूत्रसंचालक ढिला पडला आहे. अकराव्या अध्यायात एका राजाविषयी आलेला तपशील इ.स.पू. दुसऱ्या शतकातील सेल्युकिड राजा चौथा अँटिओकस याच्या कारकिर्दीशी इतका जुळतो की इ.स. तिसऱ्या शतकातच ख्रिस्ती धर्माचा टीकाकार असलेल्या पॉर्फिरी या तत्त्वज्ञाने हे लेखन त्या काळातले ठरवले होते. अध्यायाच्या अखेरीस तो राजा समुद्र आणि पवित्र डोंगर यांच्या दरम्यान अंत पावेल असे येते, तर अँटिओकस इ.स.पू. १६४ मध्ये पर्शियाच्या मोहिमेवर असताना मेला. ही वचने शेवटच्या काळातल्या दुसऱ्याच राजाविषयी आहेत, असे उत्तर श्रद्धावान वक्त्याकडून मिळताच दुसऱ्या अटीची आठवण करून द्यायला हवी होती. ती कोणीच दिली नाही.

संशयवाद्यालाही सूट देता येत नाही. ख्रिस्ती परंपरा ज्यात येशूविषयीचे भाकीत पाहते, त्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातील ५३व्या अध्यायाची तो घाईने बोळवण करतो. मृत समुद्राकाठी कुमरानजवळ सापडलेली यशयाची मोठी गुंडाळी येशूच्या जन्माच्या किमान शंभर वर्षे आधीची आहे, म्हणजे पहिली अट येथे निर्विवाद पूर्ण होते. खरा वाद दुसऱ्या अटीचा आहे, कारण त्या अध्यायात दुःख सोसणाऱ्या सेवकाचे नाव नाही आणि मध्ययुगीन राशी याच्यासारख्या यहुदी भाष्यकारांनी तो सेवक म्हणजे इस्राएल लोक असे मानले. दोन्ही वक्त्यांना ही चर्चा जमली असती, असे सोरचा भाग ऐकल्यावर वाटते. सोबतच्या लिखित प्रतीत वचनांचे क्रमांक दिलेले नाहीत, त्यामुळे पवित्र शास्त्र जवळ घेऊन बसणाऱ्याला प्रत्येक संदर्भ स्वतः शोधावा लागतो.