वाळवंटातले सुळके: फोर-बाय-फाइव्ह न्यावा की एट-बाय-टेन?

युटा-ॲरिझोनातल्या लाल कातळांचे फोटो शीट फिल्मवर, म्हणजे एका फोटोला एक सुटी शीट अशा फिल्मवर, काढायचे, इथपर्यंत ठरलं की पुढचा प्रश्न शीटच्या आकाराचा येतो: ४×५ इंच की ८×१०? माझं मत आधीच सांगतो: हा तुमचा पहिला लार्ज फॉरमॅट, म्हणजे अशा मोठ्या शीटचा, कॅमेरा असेल, तर फोर-बाय-फाइव्ह घ्या. एट-बाय-टेन घ्यायलाही चांगली कारणं आहेत, पण दुकानात आणि मित्रमंडळींत जे कारण ऐकू येतं, ते त्यातलं नाही.

ऐकू येतं ते असं: एकीकडे २० चौरस इंच फिल्म, दुसरीकडे ८०, फिल्म चौपट म्हणजे तपशीलही चौपट. कागदावर गणित सुटतं, वाळवंटात अडतं. इथला नेहमीचा फोटो डोळ्यांसमोर आणा. पायाशी सेजब्रशचं झुडूप, मधे लाटालाटांचा वालुकाश्म, मैलभर मागे सुळका, आणि हे सगळं स्वच्छ यायला हवं. फोर-बाय-फाइव्हवर १५० मिमीची लेन्स एफ २२ ॲपर्चरला (लेन्समधलं उजेड घेणारं छिद्र; आकडा मोठा तितकं ते बारीक) ठेवून काम भागतं म्हणू. तीच चौकट आणि तेवढीच खोली, म्हणजे जवळपासून लांबपर्यंत स्वच्छ येणारा पट्टा, एट-बाय-टेनवर हवी असेल तर लेन्स ३०० मिमीची लागते आणि ॲपर्चर एफ ४५ पर्यंत बंद करावं लागतं. दोन स्टॉप गेले, म्हणजे उजेड दोनदा निम्मा झाला. सूर्य टेकल्यावर एक सेकंदात होणारं एक्स्पोजर आता चार सेकंदांचं झालं. फिल्म वेल्व्हिया ५० ही रंगीत फिल्म असली तर लांब एक्स्पोजरला ती मंदावते, म्हणून फुजीच्या तक्त्याप्रमाणे चार सेकंदांना आणखी एक तृतीयांश स्टॉप द्यायचा, म्हणजे पाच सेकंद.

कातळ कुठे हलतोय, पाच काय पन्नास सेकंद द्या, असं वाटेल. कातळ नाही हलत. झुडूप हलतं, गवत हलतं आणि बेलोजही, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घडीचा भाताही, हलतो. कोलोरॅडो पठारावर मार्च ते मे हा वाऱ्याचा मोसम, आणि हवा बरी म्हणून बहुतेक लोक नेमके तेव्हाच जातात. एट-बाय-टेनचा बेलोज शिडासारखा वारा धरतो. केबल रिलीज (शटर उघडायची वायर) हातात घेऊन झुळूक थांबायची वाट बघायची, तर एक सेकंदाची उसंत बऱ्याचदा मिळते, पाच सेकंदांची क्वचित. तोवर खालून चढणारी सावली सुळक्याच्या निम्म्यावर आलेली असते.

यात आणखी एक मेख आहे. एफ ४५ ला डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून उजेड पसरल्यामुळे) लेन्स जितकी मऊ पडते, ते मोठ्या निगेटिव्हला कमी एन्लार्ज करावं लागल्यामुळे भरून निघतं. भरून निघतं, वर काही उरत नाही. खोली तेवढीच ठेवली तर सारख्या आकाराच्या प्रिंटमध्ये दोन्हीकडचं डिफ्रॅक्शन सारखंच दिसतं. मग एट-बाय-टेनकडे फायदा उरतो तो बारीक ग्रेनचा आणि छटांच्या सलगपणाचा. तो खरा आहे, पण दिसतो मोठ्या प्रिंटवर. १६×२० इंचांच्या प्रिंटला फोर-बाय-फाइव्ह चौपट वाढवावा लागतो. तिथे भिंतीवरचे दोन प्रिंट पाहून कुठला कशावरचा हे ओळखणारा विरळाच. ४०×५० इंचांवर गेलात तर बोलू.

लेन्स पुढे झुकवली, म्हणजे टिल्ट दिला, की जवळची वाळू आणि लांबचं क्षितिज एकाच फोकसमध्ये येतं, हे खरं. पण त्याचाही हिशेब करा. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर असेल आणि फोकसचं प्रतल जमिनीवरून न्यायचं असेल, तर १५० मिमीच्या लेन्सला सुमारे ६ अंश टिल्ट पुरतो. ३०० मिमीला साडेअकरा लागतो. एवढा टिल्ट आणि वर थोडा राइज दिला, म्हणजे लेन्स वर सरकवली, की लेन्सचं कव्हरेज (ती टाकते ते चित्राचं वर्तुळ) संपू लागतं, आणि ग्राउंड ग्लासचे, म्हणजे चित्र बघायच्या मागच्या दुधी काचेचे, कोपरे काळवंडतात. शिवाय सुळका उभा असतो, त्याचं डोकं त्या आडव्या प्रतलाच्या बाहेर राहतं आणि ॲपर्चर शेवटी बंद करावंच लागतं. मोकळ्या पठारासाठी टिल्ट, जवळच्या उंच सुळक्यासाठी नुसतं ॲपर्चर, असा माझा ढोबळ नियम.

वजनाबद्दल फार लिहायला नको. आजकाल हलके एट-बाय-टेन अडीच किलोच्या आसपासही मिळतात. ओझं होल्डरांचं (शीट ठेवायच्या चपट्या डब्यांचं), लेन्सचं आणि ते सगळं पेलणाऱ्या ट्रायपॉडचं असतं. त्यामुळे जागा पाहून ठरवा. मॉन्युमेंट व्हॅलीत १७ मैलांचा रस्ता गाडीने फिरता येतो आणि कॅन्यनलँड्समधली मेसा आर्च ही दगडी कमान पार्किंगपासून जवळ आहे; तिथे एट-बाय-टेन खुशाल न्या. डेलिकेट आर्चला जाऊन-येऊन ३ मैल आणि जवळपास १५० मीटर चढ आहे. द वेव्ह या लाटालाटांच्या कातळाला खुणांची पायवाटच नाही, जाऊन-येऊन सहा मैलांच्या वर चाल, पाणी पाठीवर, आणि परवाना दिवसाला जास्तीत जास्त ६४ जणांना, तोही लॉटरीने. असा परवाना हाती लागल्यावर मी तरी लहान कॅमेराच नेईन. अँटिलोप कॅन्यनचा विचार दोन्हींसाठी सोडा. गाइडशिवाय आत जाता येत नाही आणि नेहमीच्या टूरवर ट्रायपॉड चालत नाही.

ट्रायपॉड कुठे रोवता याकडेही लक्ष द्या. वाळूवर काळसर, खरबरीत, फुगलेला पापुद्रा दिसला तर ती जिवंत माती आहे: सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफूल यांनी बांधलेली. एक पाऊल पडलं तर भरून यायला कित्येक वर्षं जातात. पाय उघड्या कातळावर किंवा ओढ्याच्या कोरड्या पात्रातच टाकायचे, ट्रायपॉडचेही. लहान कॅमेऱ्याला अशी हातभर जागा सापडते. मोठ्याला पाय फाकवून उभं राहावं लागतं, आणि पात्रातल्या वाळूत तो एक्स्पोजरच्या मधेच खचतो.

धूळ दोघांनाही छळते. डार्क स्लाइड (होल्डरचं सरकतं झाकण) ओढताना एक कण फिल्मवर बसला की आकाशात काळा ठिपका. प्रत्येक होल्डर वेगळ्या झिप पिशवीत ठेवा. एट-बाय-टेनमध्ये एका शीटवर धूळ बसायला जागा चौपट आणि बरोबर होल्डर मोजकेच, त्यामुळे एक ठिपका जास्त महागात पडतो.

आता एट-बाय-टेनची बाजू. घरी एन्लार्जर नाही, स्कॅनच्या फंदात पडायचं नाही, निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काँटॅक्ट प्रिंट काढायचे, सायनोटाइप किंवा प्लॅटिनम अशा जुन्या पद्धतीची छपाई करायची, असं असेल तर हाच कॅमेरा. फोर-बाय-फाइव्हचा काँटॅक्ट प्रिंट म्हणजे पोस्टकार्ड. फोटोग्राफर टिमथी ओ'सलिव्हनने १८७३ मध्ये ॲरिझोनातल्या कॅन्यन द शेच्या कड्यातल्या प्राचीन घरांचा फोटो वेट प्लेटवर (ओलं रसायन लावलेल्या काचेवर) घेतला, तेव्हा मोठी प्लेट हवीच होती, कारण छपाई निगेटिव्हच्याच आकारात व्हायची. दुसरं कारण ग्राउंड ग्लासचं. डार्क क्लॉथखाली ८×१० इंचांचं उलटं चित्र दोन्ही डोळ्यांनी बघता येतं, आणि कातळाच्या थरांची रचना लूप (भिंग) न लावताही कळते. ज्यांना सावकाश बघण्यातच गोडी आहे, त्यांच्यासाठी हे कारण मला सगळ्यात पटतं.

रंगीत फिल्ममध्ये एट-बाय-टेनच्या एका शीटचा खर्च, धुण्यासकट, चौपटीच्या घरात जातो. कृष्णधवल करणार असाल तर एफपी४ ही फिल्म दोन्ही आकारांत मिळते. लाल फिल्टर आकाश काळं करतो आणि लाल कातळ उजळतो, पण निळ्या आकाशाच्या उजेडातल्या सावल्याही काळ्या ठोक होतात आणि तीन स्टॉप जातात. एट-बाय-टेनवर आधीच दोन गेलेले आहेत. तिथे पिवळा फिल्टर, एक स्टॉपचा.

भारतातून येणाऱ्यांनी शक्यतो फिल्म अमेरिकेत विकत घ्यावी आणि तिथेच धुऊन घ्यावी. विमानतळावरचे नवे सीटी स्कॅनर फिल्म खराब करतात. अमेरिकेत हाताने तपासा म्हणता येतं, सगळीकडे ऐकतीलच असं नाही, आणि शीट फिल्मचा डबा कुणी उजेडात उघडला की संपलं.

अजूनही ठरत नसेल तर फोर-बाय-फाइव्हसाठी दुसरी लेन्स घेताना ३०० मिमीची, एट-बाय-टेनची पूर्ण शीट झाकणारी घ्या. फुजिनॉन सी ३०० सारखी एफ ८.५ ची लेन्स हलकी असते, फक्त पहाटे ग्राउंड ग्लास अंधारा दिसतो. ब्राइस कॅन्यनच्या कड्यावरून खालच्या सुळक्यांतला एखादा वेचून घ्यायला ती फोर-बाय-फाइव्हवर छान लागते, आणि पुढे कधी एट-बाय-टेन घेतलाच तर त्याची पहिली लेन्स घरात तयार असते.