विमची कोलन-ओळ: टॅबला दहापैकी सात, एंटरला दहा

विम या टेक्स्ट एडिटरमध्ये कोलन दाबलं की तळाला कमांड लिहायची एक ओळ उघडते. फाइल उघडणं, बफर (उघडून ठेवलेली फाइल) बदलणं, शोधून बदलणं, माझं सगळं तिथेच चालतं, आणि पूर्ण नाव टाइप करायचा कंटाळा असल्याने अर्धं नाव पुरं करणाऱ्या टॅबशिवाय पान हलत नाही. हे परीक्षण त्या टॅबचं आणि एंटरचं. आवृत्ती 9.1, प्लगइन एकही नाही.

मूळ सेटिंगवर टॅब उतावळा आहे. जुळणारं पहिलं नाव तो थेट ओळीत भरतो, पुढच्या टॅबला दुसरं, मग तिसरं. यादी संपली की तुम्ही टाइप केलेलं परत येतं. नावं दोन-तीन असतील तर ठीक, पण फोल्डरमधली प्रत्येक फाइल 'टेस्ट' ने सुरू होत असेल तर बसा टॅब बडवत. उपाय एका ओळीचा: वाइल्डमोड या सेटिंगला 'लाँगेस्ट:फुल,फुल' द्या. मग पहिला टॅब सगळ्या नावांत समान असलेला भाग तेवढा भरतो आणि यादी दाखवतो; निवड दुसऱ्या टॅबपासून सुरू होते. वाइल्डऑप्शन्स या दुसऱ्या सेटिंगमध्ये 'पम' घातलं की यादी आडवी न येता उभी येते. निओविममध्ये, म्हणजे विममधूनच फुटलेल्या एडिटरमध्ये, ती आपोआप उभी असते. विमने हे वापरणाऱ्याच्या गळ्यात का मारलंय, कळत नाही.

आता एंटर. इथे विमला तोड नाही, कारण ओळीत जे दिसतं तेच चालतं. समजा फोल्डरमध्ये 'नोट्स-जुन्या' नावाची फाइल आहे आणि मला 'नोट्स' ही नवी फाइल हवी आहे. एडिट नोट्स, एंटर, झालं. यादीला मध्ये तोंड घालायची मुभाच नाही. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये फिडो-मोड किंवा व्हर्टिको ही यादी दाखवणारी सोय लावली की एंटर यादीतलं ठळक नाव उचलतो, आणि मी स्वतः टाइप केलेलं नाव त्याच्या गळी उतरवायला वेगळी कळ लागते: फिडोत मेटा-जे, व्हर्टिकोत मेटा-रिटर्न (मेटा म्हणजे बहुतेक कीबोर्डवर ऑल्ट). कमांड निवडताना हे सोयीचं आहे हे मान्य, कारण यादीबाहेरची कमांड अस्तित्वातच नसते. फाइलचं नाव मात्र नवं असू शकतं. दोन्हीकडे एंटरने सारखंच वागावं हा हट्ट चुकीचा.

काकून या तिसऱ्या एडिटरने हा फरक सर्वांत नेटका हाताळलाय. तिथे कमांड लिहिणाराच 'मेन्यू' हा स्विच देऊन सांगतो की यादीबाहेरचं काही चालणार नाही, आणि मग एंटर सर्वांत जवळचं नाव उचलतो. विममध्ये याच्या जवळ जाणारी एकच जागा मला सापडली: बफर बदलताना नावाचा कुठलाही तुकडा द्या, तो एकाच बफरला जुळला तर टॅबशिवाय एंटर पुरतो. एकाहून जास्त जुळले तर विम अंदाज न बांधता चूक दाखवतो. मला असंच आवडतं.

टॅबचे तीन गुण कुठे कापले? एक तर फझी जुळणी, म्हणजे नावातली अधलीमधली अक्षरं देऊनही नाव सापडणं. वाइल्डऑप्शन्समध्ये 'फझी' आहे खरं, पण फाइल आणि फोल्डरच्या नावांना ते लागू होत नाही. नेमकी जिथे गरज तिथेच नाही! तिथे दोन ताऱ्यांचा वाइल्डकार्ड (कुठल्याही नावाला जुळणारं चिन्ह) वापरून उपफोल्डर धुंडाळावे लागतात. काम होतं, पण ईमॅक्समध्ये 'ईएम-एल-एम' एवढ्यावर ईमॅक्स-लिस्प-मोड मिळतो, ती ऐट इथे नाही. दुसरं, कमांड काय करते हे यादी सांगत नाही. काकून टाइप करतानाच बाजूला चौकटीत माहिती दाखवतो. शिवाय कंट्रोल-डीने सगळी यादी पाहता येते, कंट्रोल-ए ने जुळणारी सगळी नावं एकदम ओळीत भरतात, पण मदत-पानं चाळल्याशिवाय हे कुणाला कळणार?

9.1 च्या नंतरच्या पॅचमध्ये वाइल्डट्रिगर हे फंक्शन आलंय. कमांड-ओळ बदलली की ते चालवायचं असा ऑटोकमांड (ठरावीक घटना घडली की आपोआप चालणारी कमांड) लिहिला की टॅब न दाबता टाइप करतानाच यादी येते. त्यासोबत वाइल्डमोडमध्ये 'नोसिलेक्ट' टाकायला विसरू नका: यादी दिसते, पण काहीच निवडलेलं नसतं, म्हणजे एंटर पूर्वीसारखाच सरळ राहतो. मोठ्या रेपोत (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात) फाइल शोधताना मात्र मी ते बंद करून टॅबच वापरतो.