शुगरचा सेन्सर आणि जेवणाचं ॲप, आठ महिने वापरून: कडक भाकरीचा हिशोब चुकतोय

मे महिन्यात शुगर सतत दाखवणारा, दंडाला चिकटवायचा माझा तिसरा सेन्सर नवव्या दिवशीच सुटून हातात आला, तेव्हाच हे लिहायला बसणार होते, पण तेव्हा राग इतका होता की नुसत्या शिव्याच लिहिल्या असत्या म्हणून थांबले. आता सप्टेंबर चालू आहे, ऑगस्टचा रिपोर्ट हातात आहे, आता नीट सांगता येईल.

आधी माझं थोडक्यात. वय 51, सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघते, दिवसभर खुर्चीत. मागच्या नोव्हेंबरात एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी) 8.6 आली, म्हणजे सरासरी 200 शुगर अंगात घेऊन फिरत होते आणि मला पत्ताच नव्हता. मेटफॉर्मिनची गोळी चालू झाली. मुलगा पुण्याला असतो, त्याने फेब्रुवारीत सेन्सर पाठवला आणि फोनवर जेवण नोंदवायचं ॲप टाकून वर्षाचे पैसे पण भरून टाकले, मला विचारलं असतं तर नको म्हणाले असते.

माझा सेन्सर 14 दिवस चालतो. मला एक साधारण 4,800 ला पडला. तेवढ्यात बोट टोचायच्या मशीनच्या 50 पट्ट्यांच्या पाच डब्या येतात, म्हणजे 250 पट्ट्या. पहिले चौदा दिवस मात्र मी हा हिशोब विसरले होते, खरंच सांगते, कारण जेवल्यावर आपल्या अंगात काय होतं ते पहिल्यांदा डोळ्याला दिसलं. मार्चमध्ये मी ऑफिसात सगळ्यांना सांगत होते की कर्ज काढा पण हे लावा. आता तसं सांगत नाही, का ते पुढे येईलच.

हुरड्याचं उदाहरण सांगते. फेब्रुवारीत बहिणीच्या शेतावर गेलो, कोवळी ज्वारी आहे, घरचंच धान्य आहे म्हणून पोटभर खाल्ला, सोबत थोडा गूळ. सेन्सरवर शुगर 231. ज्वारी शुगरवाल्यांना चालते हे लहानपणापासून ऐकलंय, आणि ती चालतेच, पण किती याला कोणी आकडा लावत नाही. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅमला साधारण 68 ग्रॅम कार्ब (ज्याची अंगात शुगर होते तो भाग) असतात, गव्हापेक्षा फार वेगळं नाही. फायदा मिळतो तो फायबरचा आणि बेताने खाल्ल्याचा.

आता मुख्य मुद्दा. ॲपमध्ये कडक भाकरी नाही. पिझ्झाचे बारा प्रकार आहेत, ओट्सचे वीस आहेत, आणि सोलापूर जिल्ह्यात घरोघरी जी भाकरी वाळवून ठेवतात, जिची पाकिटं बचतगटाच्या बायका करून पुण्या-मुंबईला पाठवतात, ती नाही. 'ज्वारी रोटी' आहे, ती निवडायची आणि वजन टाकायचं. मी सुरुवातीला तेच केलं. ॲप म्हणायचं सगळं मर्यादेत आहे, शाब्बास, आणि सेन्सर दाखवायचा 218. पंधरा दिवस मला कळेना खोटं कोण बोलतंय.

मग एका रविवारी काटा घेऊन बसले. 50 ग्रॅम पीठ घेतलं, भाकरी थापली, भाजली, वजन 84 ग्रॅम. तेवढ्याच पिठाची दुसरी केली आणि चुलीच्या मंद आचेवर पूर्ण कडक होईपर्यंत वाळवली, वजन 52. पीठ तेच! फक्त पाणी गेलं. कार्ब दोन्हीत साधारण 34 ग्रॅम. पण ॲप वजनावर हिशोब करतं आणि त्याच्या यादीतली रोटी मऊ आहे, त्यामुळे कडक भाकरीला ते 21 च धरतं. दोन कडक भाकरी खाल्ल्या की पाऊण भाकरी हिशोबातून गायब होते. ज्याला जेवणाआधी इन्सुलिन घ्यायचं असतं आणि जो कार्ब मोजून डोस ठरवतो त्याचं या चुकीने काय होईल याचा विचार करा. मी गोळीवर आहे म्हणून निभावलं.

हे सगळं फोटोसकट ॲपवाल्यांना मेल केलं. उत्तर आलं, आपला अभिप्राय मोलाचा आहे. दुसरा मेल, तेच उत्तर. तिसऱ्याला कोणीतरी फोन केला, मुलगी चांगली बोलली, पण तिने कडक भाकरी कधी पाहिलीच नव्हती, ती म्हणाली मॅडम तुम्ही खाकरा निवडा. खाकरा गव्हाचा असतो आणि त्यात तेल असतं, ती वेगळी गोष्ट आहे ना. आठ महिने झाले, यादीत अजून नाही. मी आता 'माझे पदार्थ' मध्ये स्वतः भरलंय, भाकरीचं वजन न टाकता पिठाचं टाकते. तुम्ही पण तेच करा, पाकिटातली असेल तर ती पातळ असते, पाकिटावरचं वजन भागिले नग करा आणि ते जवळपास सगळं पीठच धरा.

याच भाकरीने मला सावकाश खाणं शिकवलं, हे मात्र आनंदाने सांगते. ॲपमध्ये जेवणाआधी 'भूक किती' विचारतात आणि घास चावून खा, फोन बाजूला ठेवा असं सांगतात, मला आधी ते वेळखाऊ वाटायचं. आमच्याकडे कडक भाकरी आमटीत कुस्करून खायची सवय, ताट सात-आठ मिनिटात रिकामं. मी एक आठवडा तीन वेळा दीड भाकरी कुस्करून खाल्ली, एका तासाने 190 च्या आसपास. पुढच्या आठवड्यात तीन वेळा तीच दीड भाकरी, पण आधी काकडी-गाजर आणि वाटीभर पालेभाजी, मग कोरडी मोडून शेंगाचटणीबरोबर चावत चावत, पंचवीस मिनिटं. तिन्ही वेळा 165 च्या खाली! माझ्या एकटीचे आकडे आहेत, पण भाज्या आणि प्रथिनं आधी आणि कार्ब नंतर खाल्ले तर शुगर कमी चढते हे 2015 साली न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलच्या डॉक्टरांनी पण 11 पेशंटवर दाखवलंय. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगं आम्ही शेतात भाकरी कोरडीच खायचो की, घाई कुठं होती.

आणि 'भूक किती' मुळे कळलं की साडेपाचच्या चहाबरोबरची खारी मी भुकेने खात नव्हते, शेजारची खाते म्हणून खात होते. ती सुटली.

आता तक्रारी. रात्री तीनला अलार्म, शुगर 58. घर जागं झालं, आमचे हे साखर घेऊन धावले. बोट टोचून बघितलं तर 96. डॉक्टरांनी सांगितलं त्याच कुशीवर झोपलात की सेन्सर दाबला जातो आणि खोटा कमी आकडा देतो, आणि नुसत्या मेटफॉर्मिनवर शुगर इतकी सहसा उतरत नाही. तो कातडीखालच्या पाण्यातली शुगर मोजतो, रक्तातली नाही, त्यामुळे जेवल्यावर पण दहा-पंधरा मिनिटं मागे असतो. म्हणून आकडा आणि अंगातली लक्षणं जुळली नाहीत तर बोट टोचाच.

मे मध्ये इथं 43-44 ला ऊन जातं. गाडीवरून घरी येताना घाम, वर ब्लाऊजची बाही घासते, चिकटपट्टी कडेने सुटत गेली आणि पाच दिवस वाया गेले. सेन्सरच्या कंपनीला चार फोन केले. बिल आहे, सेन्सर आहे, पण खोका टाकून दिला होता, आणि खोक्याशिवाय बदलून देणार नाही म्हणाले. सिरीयल नंबर फोनमध्ये दिसतोय, तो चालेना. 4,800 पैकी पाच दिवसाचे 1,700 रुपये होतात, माझ्यासाठी ते थोडे नाहीत. खोका जपून ठेवा. उन्हाळ्यात बाही घासते तिथं लावू नका, दंडाच्या मागच्या बाजूला लावा आणि वरून वेगळी पट्टी मारा.

म्हणून आता सलग लावत नाही. बोट टोचायचं साधं मशीन, आठवड्यात चार-पाच पट्ट्या, एक उपाशीपोटी आणि बाकी जेवणानंतर दोन तासांनी, आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं कॉलनीत फेरी. एचबीएवनसी मे मध्ये 7.4 होती, ऑगस्टला 6.9 आली. गोळ्या तशाच आहेत, डॉक्टर म्हणाले अजून तीन महिने बघू.

एक सेन्सर मात्र घेऊन ठेवलाय, तारीख बघून. तो येळावसेच्या (वेळ अमावस्या, आमच्याकडचा शेतातला सण) आदल्या दिवशी लावणार, कारण मी सुरुवात केली तेव्हा येळावस होऊन गेली होती आणि त्या दिवशीच्या भज्जी, उंडे, आंबील यांचे माझे आकडे अजून बघायचे राहिलेत.