सारख्या दाण्यांचा नमुना आणि माझे ७३,४५० रुपये

वरुड तालुक्यातील माझ्या संत्रा बागेसाठी घेतलेल्या ठिबकच्या लॅटरल नळ्यांचे ६८,९५० रुपये आणि त्यांचा नमुना तयार करून तपासून आणण्याचे ४,५०० रुपये मी एका विक्रेत्याला मोजले. एप्रिलच्या उन्हात नळ्या जागोजागी तडकल्या. अहवाल मात्र आजही उत्तीर्णच आहे. प्रयोगशाळेने जे तपासले ते चांगलेच होते, फक्त ते माझ्या नळीचे नव्हते.

विक्रेत्याने माझ्यासमोर बंडलातून तुकडे कापून नेले आणि नंतर सहीसाठी बरणी आणली, तेव्हा तिच्यात तुरीच्या डाळीएवढे काळे, चकचकीत, एकसारखे दाणे होते. "नमुना एकजीव लागतो भाऊ, म्हणून मशीनवर बारीक केला," असे तो म्हणाला. ती बरणी आठवली की आजही अंगाचा तिळपापड होतो. नळी कापली तर वेडेवाकडे तुकडे निघतात. असे गुळगुळीत दाणे म्हणजे कारखान्याचा कच्चा माल. परंतु पऱ्हाटी आणि संत्र्यात हयात गेलेल्या माणसाने हे कोठून ओळखावे?

एकजीव म्हणजे दिसायला सारखा नव्हे, तर ज्याची कोणतीही चिमूट साऱ्या मालाची साक्ष देईल असा. उन्हापासून जपणारा कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी पूड, नळीत २ ते ३ टक्के असावा लागतो. भंगार मिसळलेल्या नळीत तो कोठे गुठळ्यांनी, तर कोठे विरळ असतो, आणि चाचणीला सुमारे १ ग्रॅमच माल लागतो. म्हणून वेगवेगळ्या बंडलांतून तुकडे घ्यावेत, ते बारीक कापून मिसळावेत, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोनच ठेवावेत आणि हेच पुन्हा करावे. दळताना प्लॅस्टिक तापून त्याचा गुण बदलतो, म्हणून प्रयोगशाळा ते उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने गोठवून दळतात. विक्रेत्याला कात्रीही लावू देऊ नका.

तक्रार घेऊन गेलो तर एका कार्यालयाने अनुदानाचा माल नाही म्हणून हात झटकले, दुसऱ्याने दिवाणी मामला म्हणून वाटेला लावले, आणि तिसऱ्या साहेबांनी अहवाल उत्तीर्ण असताना तक्रार कसली, असे मलाच विचारले. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'निष्कर्ष केवळ सादर केलेल्या नमुन्यापुरते' असे छापलेले आहे; ते दाखवले तरी साहेबांनी डोळ्यांना चष्मासुद्धा लावला नाही. शेतकऱ्याने कागद आणावा, आणि आणलेला कागद त्याच्याच विरुद्ध वाचला जावा, हा कोठला न्याय?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक आयोग स्वतः नमुना घेऊन, मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्यासाठी तडकलेल्या नळ्या, छापील खुणा असलेल्या भागांसह, मी गोठ्यात ठेवल्या आहेत. तुमच्याही नळ्या भंगारवाल्याला देऊ नका, आणि पक्के बिल नसेल तर आजच मागून घ्या.