खासगी जमीन सर्वेक्षण सेवा: उताराच्या नकाशासाठी उत्तम, हद्दीसाठी अपुरी

डोंगरउतारावरील शेतात बांधबंदिस्ती करण्यासाठी आणि शेततळ्याची जागा ठरवण्यासाठी आम्ही तालुक्यातील एका खासगी सर्वेक्षकांची सेवा घेतली. त्यांनी विहीर, ओघळ आणि झाडांसह जमिनीचा उंचसखलपणा टिपून समोच्च रेषांचा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा) जो नकाशा दिला, त्यावरून पावसाचे पाणी कोठे वळते आणि माती कोठे धुपत असावी, हे प्रथमच नीट कळले. दाट आमराईत रोव्हरला, म्हणजे उपग्रहांच्या आधारे जागा टिपणाऱ्या उपकरणाला, संकेत पुरेसे मिळत नाहीत, म्हणून तेथे टोटल स्टेशन हे कोन व अंतर मोजणारे यंत्र लावण्याचा त्यांचा निर्णय जाणकाराचा होता. क्षेत्र आरांबरोबर गुंठ्यांतही लिहिले आहे. ३३ फुटी साखळीच्या चौरसाचा, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा हा गुंठाच घरातील वडीलधाऱ्यांना अजून जवळचा वाटतो.

हद्दीचा वाद असेल, तर मात्र या नकाशावर विसंबू नये. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून, लगतच्या खातेदारांना नोटीस देऊन होणारी हद्द कायम मोजणी आणि तिच्या अधिकृत नकाशाची ‘क’ प्रत लागते, हे सर्वेक्षकांनी काम स्वीकारण्यापूर्वीच स्पष्ट केले. संगणकीय फाइलसाठी वेगळे शुल्क आकारणे तेवढे खटकले.