८५,७४० रुपये अक्कलखाती: 'हाडं भरून आणणाऱ्या' व्हायब्रेशन मशीनपासून सावध राहा

हिशेब आधी सांगते. मशीन, म्हणजे वर उभं राहायचा थरथरणारा पाट, ७४,९०० रुपये. 'दोन वर्षांची सर्व्हिस' ५,५०० अधिक जीएसटी, म्हणजे ६,४९०. 'मशीनबरोबर घ्याव्याच लागतात' अशा कॅल्शियमच्या कॅप्सूलचे तीन डबे, १,४५० ला एक, म्हणजे ४,३५०. एकूण ८५,७४०. यातले ६,४९० रोख दिले आणि त्याची पावती आजतागायत मिळालेली नाही. हे लिहिणारी बाई उभी नोकरी सरकारी ऑडिटमध्ये करून निवृत्त झाली आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मोफत शिबिर, पांढरे कोट, लाल शाईतला रिपोर्ट, 'फक्त आजच्यापुरती' किंमत. हा प्रकार तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक होता. मॅग्नेटच्या गाद्या आणि पाण्याची मशीनं विकणारे मी दारातूनच परत पाठवले आहेत. पण हे लोक आले सोसायटीच्या हॉलमध्ये, निरोप आला सेक्रेटरींच्या नावाने, चहा दिला कमिटीने. तेव्हा 'एवढ्या शिकलेल्या असून' हे वाक्य कृपया कुणी ऐकवू नका, घरात पुरेसं ऐकून झालंय. शिवाय माझी हाडं खरोखरच ठिसूळ आहेत. आदल्या वर्षी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी, केली होती, त्यात मणक्याचा टी-स्कोअर उणे २.६ आला होता. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या. डॉक्टरांनी अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम सुरू केलं होतं. आठवड्याला एक गोळी, उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. त्या गोळीने छातीत जळजळायचं. आणि माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडल्यावर ती अंथरुणातून पुन्हा उठली नाही. हे ज्या घरात घडलंय तिथल्या बाईला 'गोळीशिवाय हाड भरतं' असं कुणी सांगितलं तर ती कान देणारच.

आता तो क्षण सांगते, जो आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो.

टेबलावर बुटासारखं एक यंत्र होतं. टाचेला दोन्ही बाजूंनी जेल लावायचं, पाय आत ठेवायचा, अर्ध्या मिनिटात छोट्या प्रिंटरमधून पट्टी बाहेर. माझा आकडा आला उणे ३.४. माझ्या आधी आमच्या वॉचमनने गंमत म्हणून पाय घातला होता. वय चोवीस. पाण्याचे वीस लिटरचे जार दोन हातांत दोन धरून जिना चढणारा पोरगा. त्याचा आकडा आला उणे २.७. सगळे हसले. कोटवाल्या मुलाने टिश्यूने त्याची टाच पुसली आणि क्षणभरही न अडखळता म्हणाला, "बघा काकू, आजकाल तरुणांची ही अवस्था आहे. मग तुमच्या वयाला काय होणार?" आम्ही सगळ्या बायका चुकचुकलो.

चुकचुकलो! टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या हाडाशी केलेली तुलना. म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तोच तिथे हातात जार घेऊन उभा होता, आणि यंत्र म्हणत होतं की हा म्हातारा. ऑडिटला पहिल्या वर्षी शिकवतात की सगळ्याच नोंदी एकाच बाजूला चुकत असतील तर नोंदी नाही, नोंद करणारा तपासा. त्या दिवशी हॉलमध्ये ज्याने ज्याने पाय घातला त्याची पट्टी लाल निघाली. एकाचीही हिरवी नाही. ते दिसत होतं सगळ्यांना. पण आपली पट्टी हातात पडली की माणूस दुसऱ्याची बघत नाही.

टाचेच्या अल्ट्रासाउंडचा आकडा त्या उणे २.५ च्या व्याख्येला लावताच येत नाही. ती व्याख्या खुबा आणि मणका यांच्या डेक्सासाठी आहे. टाचेची तपासणी फार तर एवढंच सुचवू शकते की या माणसाने डेक्सा करून घ्यावी. माझ्याकडे डेक्साची फाईल होती, मी ती काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. जो माणूस तुमचे जुने रिपोर्ट बघत नाही, त्याच्याकडून सुईसुद्धा विकत घेऊ नका.

संध्याकाळी 'डॉक्टर' घरी आले. कार्डावर नावाआधी 'डॉ.' होतं, नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. नासाचं तंत्रज्ञान, अंतराळवीरांची हाडं, वगैरे वगैरे. माहितीपत्रकावर हाडाच्या आतल्या जाळीचे दोन फोटो होते. डावीकडे विरळ, उजवीकडे दाट, खाली ठळक अक्षरात '३४ टक्के वाढ'. मूळ किंमत १,१८,०००, शिबिराची ७४,९००. पाच हजार लगेच यूपीआयने, उरलेल्या ६९,९०० चा चेक. बॅनरवर एक नाव, चेक तिसऱ्याच नावाने. विचारलं, तर "ग्रुप कंपनी आहे मॅडम." आणि निघताना, चप्पल घालता घालता, अगदी सहज: "ती गोळी आता नाही घेतली तरी चालेल. पोट कशाला बिघडवून घेता?"

मी गोळी बंद केली. ज्या गोष्टीचा आधीच कंटाळा आलाय ती सोडायला कोटवाल्या माणसाने परवानगी दिली की कोण नाही म्हणेल?

त्या ३४ टक्क्यांचं सांगते. तो आकडा खोटा नाही. न्यूयॉर्कजवळच्या स्टोनी ब्रुक विद्यापीठातले क्लिंटन रुबिन यांचा तो प्रयोग, २००१ साली 'नेचर'मध्ये आलेला. पण तो मेंढ्यांवरचा आहे. मेंढ्यांच्या मागच्या पायांना वर्षभर, आठवड्यातले पाच दिवस, रोज वीस मिनिटं अतिशय सौम्य कंपन दिलं, त्यांच्या मांडीच्या हाडातली जाळी दाट झाली. त्या संशोधनाला नासाने पैसे दिले होते, हेही खरं. पण अंतराळ स्थानकावर हाडं टिकवायला अंतराळवीर रोज जोर लावून व्यायाम करतात आणि पट्ट्याने बांधून घेऊन ट्रेडमिलवर धावतात. थरथरत्या पाटावर उभे राहत नाहीत. माहितीपत्रकात 'मेंढी' हा शब्द कुठेही नव्हता. ती बहुधा खरेदीदारांमधून घ्यायची होती.

माणसांवर काय झालं? टोरांटोत पाळी गेलेल्या २०२ बायकांना घेऊन वर्षभर अभ्यास केला, निष्कर्ष २०११ साली आले. हाडाच्या घनतेत फरक नाही. बोस्टनला वृद्धाश्रमांसारख्या ठिकाणी राहणाऱ्या १७४ वृद्धांना दोन वर्षं रोज दहा मिनिटं उभं केलं, २०१५ साली निष्कर्ष छापून आले. फरक नाही. हाँगकाँगला ७१० बायकांच्या अभ्यासात पडण्याचं प्रमाण कमी झालं, पायांची ताकद वाढली, हे मान्य करायला हवं. पण हाडाची घनता तिथेही वाढली नाही. यातलं काहीही शोधायला मला पैसे पडले नाहीत. फक्त ते चेक दिल्यानंतर शोधलं.

आणि हे सगळे प्रयोग ज्या प्रकारच्या सौम्य कंपनावर झाले ते आमच्या मशीनमध्ये नव्हतंच. माझा भाचा मेकॅनिकल इंजिनिअर आहे. त्याने मशीन उलटं करून तळावरचं स्टिकर वाचलं, कागदावर आकडेमोड केली आणि डोक्याला हात लावला. मेंढ्यांच्या प्रयोगातलं कंपन सेकंदाला तीस वेळा, जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.३ पट. म्हणजे पाटाची एकूण हालचाल मिलिमीटरच्या पाचव्या हिस्स्याहूनही कमी, पायाला जेमतेम जाणवेल इतकी. आमचा पाट सेकंदाला बारा वेळा दहा मिलिमीटर हलत होता. जोर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ तीन पट, म्हणजे प्रयोगातल्याच्या दहापट. ठिसूळ मणक्याच्या बाईला. त्यावर उभं राहिलं की दात वाजायचे आणि शेजारच्या टीपॉयवरच्या चमच्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. कंबर दुखायला लागली म्हणून फोन केला, तर उत्तर आलं, "हाड भरताना दुखतंच, काकू."

आमचे हे पण हौसेने उभे राहायचे. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांना सहज सांगितलं, तर ते खुर्चीतून उठलेच. अशा यंत्रांमुळे डोळ्यात बसवलेली लेन्स सरकल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. पेसमेकर, पायातल्या रक्तवाहिनीत गुठळी, नुकतं मोडलेलं हाड, रेटिनाचा त्रास, मुतखडा, यातलं काहीही असेल तर विचारल्याशिवाय चढायचं नाही. विकणाऱ्याने आम्हाला फक्त पिनकोड विचारला होता.

वर्ष संपलं. आता खरी मेख. माहितीपत्रकावर लिहिलं होतं: 'एका वर्षात घनता वाढली नाही तर पूर्ण पैसे परत.' मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: 'मोजणी कंपनीच्या यंत्रावरच.' तो कोटवाला मुलगा आला, तोच बूट घेऊन. टाच घातली. उणे २.३! "अभिनंदन काकू, ऑस्टिओपोरोसिस गेला!" त्याच आठवड्यात मी जुन्याच सेंटरवर, जुन्याच मशीनवर डेक्सा केली. मणका उणे २.९. डॉक्टरांनी मशीनबद्दल एक शब्दही काढला नाही, फक्त विचारलं, "गोळी कोणाच्या सांगण्यावरून बंद केलीत?" गोळी जमत नसेल तर वर्षातून एकदा सलाइनमधून देण्याचं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड आहे, सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन आहे (आणि ते मध्येच मनाने सोडायचं नसतं, मणके मोडू शकतात). हे सगळं त्यांनी आधीच्याच भेटीत सांगितलं असतं, मी जळजळीचं बोलले असते तर. तेही तेवढंच खरं की त्यांच्याकडे दर पेशंटला चार मिनिटं असतात आणि कोटवाला माझ्या सोफ्यावर दोन तास बसला होता.

पैसे परत मागितले तेव्हा त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक बातमी पाठवली: 'अमेरिकेच्या एफडीएची कंपनाला मान्यता.' तीही अर्धी. जानेवारी २०२४ मध्ये जी मान्यता मिळाली ती कमरेला बांधायच्या पट्ट्याला, पाळी गेलेल्या बायकांच्या ऑस्टिओपिनियासाठी, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच्या अलीकडच्या पायरीसाठी, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. उभं राहायच्या पाटाचा त्याच्याशी संबंध नाही. असली बातमी आली की मथळा नाही, पूर्ण मजकूर वाचा.

मग मी दारं ठोठावायला निघाले. पोलीस चौकीत विचारलं, "मशीन मिळालं ना? चालतं ना? मग फसवणूक कुठंय मॅडम? दिवाणी मॅटर आहे." एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, काही आठवड्यांनी ती 'निकाली' निघाली. का? कंपनीने उत्तर दिलं होतं. काय उत्तर? माझा उणे २.३ चा कागद! चोराने दिलेली साक्ष घेऊन फिर्याद बंद. औषधांचं बघणाऱ्या कार्यालयात गेले तर साहेबांनी बिल वाचून दाखवलं: 'एक्सरसाइज इक्विपमेंट'. "हे व्यायामाचं साधन आहे, आमच्याकडे येत नाही." मी म्हटलं, विकलं आजार बरा करतो म्हणून, माहितीपत्रक बघा. "माहितीपत्रक म्हणजे बिल नाही." आरोग्य खात्यातल्या एका साहेबांचं लॉजिक तर फ्रेम करून लावावं असं: नोंदणी क्रमांक नाही म्हणजे तो डॉक्टर नाही, आणि डॉक्टरच नाही तर डॉक्टर म्हणून कारवाई कशी करणार? म्हणजे नोंदणी असलेल्याने चूक केली तर नोटीस, नसलेल्याला मोकळं रान! आणि आमचे सेक्रेटरी? "आम्ही फक्त हॉल दिला." सोसायटीच्या खात्यात त्या तारखेला ३,००० रुपये 'देणगी' जमा आहेत, मी स्वतः वही तपासली. सर्वसाधारण सभेत विषय काढला तर म्हणाले, वैयक्तिक खरेदीची चर्चा इथे नको.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेले. हे मात्र करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, ऑनलाइनही. पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. हे विकणारे वर्षभराची गॅरंटी देतात, तुमचा वेळ त्यात जिरतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलंय की समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लागावा. लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात एका सदस्याची जागा रिकामी, समोरच्याचा वकील मुदत मागतो, मुदत मिळते. नावगाव देत नाही ते एवढ्यासाठीच, प्रकरण चालू आहे.

रोख एक रुपया देऊ नका. मी दिला नसता तर ते ६,४९० आज दाव्यात धरता आले असते. बिलावर वस्तूचं काय नाव घातलंय ते पैसे देण्याआधी वाचा, आणि 'मेडिकल' म्हणून विकतायत तर बिलात तसं लिहून मागा. नव्वद टक्के माणसं तिथेच पिशवी उचलतील. माहितीपत्रक, कार्ड, त्या लाल पट्टीचा फोटो (ती पट्टी महिन्या-दोन महिन्यांत पांढरी पडते, माझी पडली), सगळं जपा. 'तीन मैत्रिणी आणा, प्रत्येकीमागे २,००० मिळवा' याला बळी पडू नका. मी एक नाव दिलं होतं. तिने मशीन घेतलं, आणि ती आता माझ्याशी बोलत नाही.

येत्या रविवारी नाल्यापलीकडच्या सोसायटीत 'मोफत हाडांची तपासणी' आहे. बॅनरवर कंपनीचं नाव नवं आहे, हाडांचे दोन फोटो तेच. त्यांच्या सेक्रेटरींना दोन्ही डेक्साच्या आणि बिलाच्या प्रती पाठवल्या. "बघतो" म्हणाले. मी आमच्या वॉचमनला रविवारी सकाळची सुट्टी घ्यायला सांगितली आहे. त्याची टाच पहिली जाणार, आणि पट्टी मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार.